त्यागाचा ताळेबंद

शिकागो शहराच्या पश्चिम भागातील 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' ही कॅथलिक शाळा १९९९ साली आपल्या शेवटच्या वर्गाला निरोप देऊन बंद झाली. पटावरील मुले कमी झाली होती, खर्च झेपेनासा झाला होता आणि शहराच्या धर्मप्रांतापुढे अशाच अवस्थेतील इतरही शाळांचा प्रश्न उभा होता. अमेरिकेत त्या काळात दरवर्षी अनेक कॅथलिक शाळा बंद होत होत्या. त्यामुळे आणखी एक शाळा बंद झाल्याचे जगाला विशेष वाटण्याचे कारण नव्हते. परंतु या शाळेचा पूर्वेतिहास ज्यांना ठाऊक होता, त्यांना या घटनेतील विसंगती जाणवल्यावाचून राहिली नसेल. याच शाळेत १ डिसेंबर १९५८ रोजी लागलेल्या आगीत ९२ मुले आणि ३ धर्मभगिनी मृत्युमुखी पडल्या होत्या. एवढा घाला पडूनही ती शाळा मिटली नाही. दोन वर्षांच्या आत त्याच वस्तीत, नव्या इमारतीत ती पुन्हा भरू लागली. जिला आग संपवू शकली नाही, तिला पुढील चार दशकांतील जमाखर्चाने संपवले.

सातासमुद्रापलीकडच्या एका लहान शाळेची ही कथा मराठी शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कशासाठी वाचावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, शाळा कशाच्या बळावर चालते आणि ते बळ ओसरले म्हणजे काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. लोकांचा त्याग हे या शाळेचे भांडवल होते. त्या भांडवलाची नोंद कोणत्याही वहीत नव्हती. म्हणूनच ते संपत आल्याचेही कोणाच्या वेळेवर लक्षात आले नाही. महाराष्ट्रातील शिक्षणाची इमारतही मोठ्या प्रमाणावर अशाच न नोंदलेल्या भांडवलावर उभी आहे.

वस्तीने उभारलेली शाळा

अमेरिकेतील कॅथलिक शाळांचा उगम संघर्षात आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड, जर्मनी आणि पुढे इटली, पोलंड येथून लक्षावधी गरीब कॅथलिक तेथे आले. तेथील सार्वजनिक शाळा नावाला सर्वांच्या असल्या तरी वळणाने प्रॉटेस्टंट होत्या. त्यांत प्रॉटेस्टंटांचे बायबल वाचले जाई आणि पाठ्यपुस्तकांत कॅथलिकांविषयी अनुदार मजकूर असे. शाळेत कोणते बायबल वाचावे, हा फिलाडेल्फियात १८४४ साली झालेल्या दंगलींना निमित्त ठरलेल्या वादांपैकी एक होता. त्या दंगलींत माणसे मेली, चर्चे जळाली. पुढे अनेक राज्यांनी आपल्या घटनांतच तरतूद करून धार्मिक शाळांना सरकारी पैसा मिळण्याचा मार्ग बंद केला. तेव्हा कॅथलिकांनी स्वतःच्या शाळा स्वतःच्या पैशाने चालवायच्या ठरवल्या. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने, प्रत्येक चर्चशेजारी दोन वर्षांत शाळा असलीच पाहिजे, असा दंडक घातला. मुलांना आपल्या शाळेत पाठवण्याच्या आईबापांच्या हक्कावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब मात्र १९२५ साली ऑरेगन राज्यातील खटल्यात झाले.

एका चर्चभोवतीच्या श्रद्धावंतांच्या समुदायाला आपल्याकडे वसईच्या ख्रिस्ती समाजात 'धर्मग्राम' म्हणतात. शिकागोतील हा धर्मग्राम १८९४ साली स्थापन झाला, तो प्रामुख्याने आयरिश कुटुंबांसाठी. पुढे वस्तीत इटालियन कुटुंबे वाढली. पोलिश घरेही आली. कारखान्यांत, रेल्वेत आणि बांधकामावर राबणाऱ्या या लोकांनी रविवारच्या दानपेटीत टाकलेल्या नाण्यांतून चर्च उभे राहिले, शाळा उभी राहिली आणि वाढत गेली. शाळेचा जो उत्तरेकडील भाग पुढे आगीत सापडला, तो १९१० साली बांधलेला होता. १९५८ साली या शाळेत बालवर्गापासून आठवीपर्यंत सुमारे १,६०० मुले शिकत होती. एकेका वर्गात साठसाठ मुले कोंबलेली असत. जागेची इतकी टंचाई असूनही कोणी आपले मूल काढून नेत नव्हते. शाळा वस्तीची होती. तिच्याच पायऱ्यांवर लग्ने जुळत होती, तिच्याच दारात मयतीचे निरोप पोचत होते.

ही शाळा शिकवत होत्या 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ द ब्लेस्ड व्हर्जिन मेरी' या संघाच्या धर्मभगिनी. त्यांना मिळे तो पगार नव्हता, निर्वाहापुरता अल्प भत्ता होता, आणि तोही त्यांच्या हाती न पडता संघाच्या खात्यात जमा होई. शाळेशेजारच्या मठात त्या राहत आणि आयुष्यभर शिकवत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील कॅथलिक शाळांतील दहापैकी जवळजवळ नऊ शिक्षक असे व्रतस्थ होते. जगातील सर्वांत श्रीमंत देशात, सरकारची कवडी न घेता, पन्नास लाखांहून अधिक मुलांना शिकवणारी व्यवस्था चालत होती, याचे रहस्य एवढेच होते.

१८८४ हे वर्ष मराठी वाचकालाही ओळखीचे वाटेल. बाल्टिमोरला बिशप जमले त्याच वर्षी पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी या मंडळींनी १८८० मध्ये काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलच्या पाठीशी हीच कल्पना होती की, शिकलेल्या माणसांनी मोठ्या पगारावर पाणी सोडून उमेदीची वर्षे शाळेला द्यावीत. आजीव सदस्यत्वाची पद्धत तीतून आली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी याच पद्धतीने वीस वर्षे संस्थेची सेवा केली. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने विकले गेले. देश, धर्म आणि परिस्थिती यांत कितीही अंतर असो, शाळा काढणाऱ्यांची जात एकच असते, हे यावरून दिसते.

स्वस्त शाळेची किंमत

त्यागाचे एवढे गोडवे गायल्यावर त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १ डिसेंबर १९५८ च्या सोमवारी शाळा सुटायला वीसेक मिनिटे उरली असताना आगीची पहिली वर्दी गेली. तळघरात जिन्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या कचऱ्याच्या पिंपात ती धुमसत होती. इमारत बाहेरून विटांची, पण आतून जिने आणि जमिनी लाकडाच्या. खालच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी भक्कम दार होते आणि ते बंद होते. त्यामुळे तेथील मुले वाचली. वरच्या मजल्यावर तसे दारच नव्हते. धूर आणि ज्वाळा सरळ तेथील बोळात शिरल्या आणि वर्गांतून बाहेर पडण्याची वाट बंद झाली. खिडक्या जमिनीपासून सुमारे पंचवीस फूट उंच होत्या. आगीतून उतरण्याचा लोखंडी जिना एकच होता. आग विझवण्याची नळकांडी सात फूट उंचीवर, मुलांच्याच नव्हे तर बहुतेक मोठ्यांच्याही हाताबाहेर टांगलेली होती. धोक्याची घंटा शाळेपुरतीच वाजे. ती अग्निशामक दलाशी जोडलेली नव्हती. पहिल्या निरोपात चर्चच्या निवासस्थानाचा पत्ता सांगितला गेल्यामुळे बंब आधी भलत्याच बाजूला पोचले. ज्या तीन धर्मभगिनी दगावल्या, त्या आपापल्या वर्गातील मुलांबरोबर दगावल्या.

या सर्वांत अधिक विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, ही शाळा कायद्याप्रमाणे निर्दोष होती. दोनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबरमध्ये, तिची तपासणी होऊन ती योग्य ठरली होती. शिकागो नगरपालिकेने १९४९ साली शाळांसाठी अग्निसुरक्षेचे कडक नियम केले होते, पण ते नव्या इमारतींना लागू होते. जुन्यांना सूट होती. जुन्या शाळांवर खर्च लादला तर गरीब वस्त्यांना तो पेलणार नाही, ही त्यामागील दया होती. त्या दयेची किंमत ९५ जिवांनी चुकवली. आग कशी लागली हे अधिकृतपणे कधीच निश्चित झाले नाही. परंतु ती इतकी घातक का ठरली, याविषयी कोणालाच शंका नव्हती. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निप्रतिबंधक संघटनेने आपल्या अहवालात या दुर्घटनेतून नवा धडा एकही निघत नाही, जुनेच धडे दुर्लक्षिले गेले, अशा आशयाचा निर्वाळा दिला.

यानंतर कायदे बदलले. जुन्या इमारतींची सूट गेली. पाण्याचे फवारे, जिन्यांभोवती आगरोधक दारे, अग्निशामक दलाशी थेट जोडलेली धोक्याची घंटा, या गोष्टी गावोगावच्या शाळांत बसवल्या गेल्या. आज अमेरिकेतील मूल ज्या सुरक्षित इमारतीत शिकते, तिच्यामागे या ९५ जणांचे मरण आहे. भारतालाही हा धडा स्वतःच्या मुलांच्या मृत्यूनेच शिकावा लागला. तामिळनाडूत कुंभकोणम येथील शाळेत १६ जुलै २००४ रोजी गवताने शाकारलेल्या स्वयंपाकघरातून आग पसरून ९४ मुले गेली. त्यानंतर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असा निर्णय दिला. कुंभकोणमची शाळा आणि शिकागोची शाळा यांत पंचेचाळीस वर्षांचे अंतर आहे, पण कारण एकच आहे. दोन्हीकडे शाळा स्वस्तात चालत होती आणि ती स्वस्तात चालते आहे यातच सारे समाधानी होते.

न मांडलेला पगार

आगीनंतर धर्मग्राम खचला नाही. मुले आसपासच्या शाळांत जाऊन शिकत राहिली, जगभरातून मदत आली आणि १९६० साली नवी शाळा सुरू झाली. तिच्या बांधणीत जुन्या इमारतीची एकही उणीव ठेवली गेली नाही. देशभरातील कॅथलिक शाळांचाही तो परमोत्कर्षाचा काळ होता. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुमारे १३,००० शाळांत ५२ लाखांवर मुले शिकत होती. तेथून जी उतरण लागली ती आजतागायत थांबलेली नाही. आज शाळा ६,००० हून कमी आणि मुले १७ लाखांच्या आसपास आहेत. करोनाच्या साथीत, २०२०-२१ या एकाच शैक्षणिक वर्षात, २०० हून अधिक शाळा बंद झाल्या किंवा दुसरीत विलीन झाल्या.

या उतरणीची कारणे एकाहून अधिक आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांतील गोरी कुटुंबे उपनगरांकडे वळली. शिकागोच्या पश्चिम भागात तर घरांच्या दलालांनी काळ्या शेजाऱ्यांची भीती घालून गोऱ्यांकडून घरे स्वस्तात विकत घेण्याचा आणि तीच घरे काळ्या कुटुंबांना महाग विकण्याचा धंदाच मांडला होता. इटालियन आणि आयरिश कुटुंबे गेली. त्यांच्या जागी काळी आणि लॅटिन अमेरिकेतून आलेली कुटुंबे आली. नव्या काळ्या रहिवाशांपैकी बहुतेक कॅथलिक नव्हते, पण चांगली शाळा त्यांनाही हवी होती. नवी मुले मिळत होती, मात्र रविवारची दानपेटी भरणारे हात दूर गेले होते. १९९० साली हा धर्मग्रामच शेजारच्या धर्मग्रामात विलीन करण्यात आला आणि शाळा त्यानंतर नऊ वर्षे तग धरून राहिली.

परंतु सर्वांत खोल कारण शाळेच्या आतच होते. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक जगात मोठे स्थित्यंतर झाले. स्त्रियांना शिक्षण आणि व्यवसाय यांची इतर दालने खुली झाली होती. मठात येणाऱ्या मुली कमी झाल्या, असलेल्यांपैकी अनेकींनी मठ सोडला. १९६५ साली अमेरिकेत सुमारे १,८०,००० धर्मभगिनी होत्या. आज ती संख्या ४०,००० च्या खाली आली आहे आणि त्यांतील बहुसंख्य वयोवृद्ध आहेत. त्यांच्या जागी पगारी शिक्षक नेमावे लागले. त्या शिक्षकांना घर होते, संसार होता, मुलांच्या फिया होत्या. त्यांनी निर्वाहभत्त्यावर राबावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होते. आज अमेरिकेच्या कॅथलिक शाळांतील शंभरापैकी सत्त्याण्णव शिक्षक प्रापंचिक आहेत. याचा अर्थ असा की, शंभर वर्षे जो खर्च हिशेबात दिसतच नव्हता, तो एका पिढीत अंगावर आला. शुल्क वाढले. शुल्क वाढले म्हणून गरीब मुले गळाली. मुले गळाली म्हणून उरलेल्यांवरचा भार आणखी वाढला. काही राज्यांनी शिक्षकांच्या पगाराला हातभार लावण्याचा प्रयत्न केला, पण धर्म आणि शासन यांची फारकत या तत्त्वावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली तो रद्द ठरवला. पालकांच्या हाती शिक्षणाचे अधिपत्र देण्याची पद्धत न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केली, तोवर शहरांच्या अंतर्भागातील कित्येक शाळांची दारे मिटलेली होती.

न्यायालयाच्या निकालाला दोष देऊन येथे सुटका करून घेता येणार नाही. धर्मसंस्थेच्या शाळेला करदात्यांचा पैसा द्यावा की नाही, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. खरा दोष दूरदृष्टीच्या अभावाचा होता. धर्मभगिनी शिकवत होत्या त्या काळात, त्यांच्या श्रमांचे मोल काय होते, हे कोणी कागदावर मांडून पाहिले असते तर पुढील संकट वीस वर्षे आधी दिसले असते. उलट त्यांच्याच भरवशावर नव्या शाळा बांधल्या गेल्या, वर्ग फुगवले गेले आणि त्यांच्या म्हातारपणाची तरतूद करण्याचेही राहून गेले. पुढे वृद्ध धर्मभगिनींच्या निर्वाहासाठी १९८८ पासून देशभरातील चर्चांत दरवर्षी वेगळी वर्गणी गोळा करण्याची पाळी आली.

शाळा गेल्यावर

शाळा बंद झाली म्हणजे काय गेले, याची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. मुले दुसऱ्या शाळेत गेली, शिक्षकांची सोय लागली, म्हणजे प्रश्न मिटला, असे धरून चालण्याची रीत आहे. शिकागोतील कॅथलिक शाळांच्या बाबतीत मात्र ही मोजदाद झाली आहे. नोत्र दाम विद्यापीठातील मार्गारेट ब्रिनिग आणि निकोल गार्नेट या कायद्याच्या दोन प्राध्यापिकांनी शहराच्या वस्त्यांची आकडेवारी तपासून २०१४ साली ग्रंथरूपाने आपले निष्कर्ष मांडले. ज्या वस्त्यांतील कॅथलिक शाळा बंद झाल्या, तेथे पुढील वर्षांत बेशिस्त आणि अस्वच्छता वाढली, शेजाऱ्यांमधील परस्परविश्वास घटला आणि गुन्ह्यांच्या बाबतीतही त्या वस्त्या शाळा टिकलेल्या वस्त्यांच्या मागे पडल्या, असे त्यांना आढळले. जेथे सरकारी पैशावर चालणाऱ्या नव्या पद्धतीच्या शाळा आल्या, तेथे तसाच हितकर परिणाम त्यांना दिसला नाही. त्यापूर्वी शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी, कॅथलिक शाळांतून मुलांची गळती कमी का होते, याचे कारण पालकांच्या आपापसांतील ओळखीदेखीत आणि विश्वासात शोधले होते. या विश्वासालाच ते सामाजिक भांडवल म्हणत.

हे निष्कर्ष सर्व देशांना जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. तरीही त्यांतील मुख्य सूत्र ध्यानात घेण्यासारखे आहे. शाळेचे काम वर्गात संपत नाही. सकाळी मुलांना सोडायला आलेले पालक दारात थांबतात, मास्तरांना गल्लीतील प्रत्येक घर ठाऊक असते, संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर कोणीतरी मोठे माणूस असते. या गोष्टींना अंदाजपत्रकात रकाना नाही, परंतु वस्ती त्यांच्याच आधारावर उभी असते. शिकागोतील त्या धर्मग्रामात २००५ पासून फ्रान्सिस्कन संघाच्या मंडळींनी सेवाकार्य सुरू केले आहे. तेथे गरजूंना धान्य आणि कपडे मिळतात, मुलांसाठी शाळेनंतरचे उपक्रम चालतात. एका अर्थाने शाळेने सोडलेली पोकळी भरून काढण्याचाच तो प्रयत्न आहे.

आपल्या शाळांचा हिशेब

येथे महाराष्ट्राकडे वळणे भाग आहे. आपल्याकडील त्यागाची परंपरा थोर होती, यात संशय नाही. पण टिळक-आगरकरांनी किंवा कर्मवीरांनी जो त्याग केला तो स्वेच्छेने आणि स्वतःच्या संस्थेसाठी केला. स्वातंत्र्यानंतर शासनाने शिक्षकांचे वेतन हळूहळू आपल्या अंगावर घेतले, तेव्हा या त्यागाला न्याय्य पर्याय सापडला होता. तो पर्याय गेल्या पाव शतकात पुन्हा मागे सारला गेला. २००० साली शिक्षणसेवकांची योजना आली आणि पूर्ण वेळ शिकवणाऱ्या तरुणांना पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधन मिळू लागले. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजारांवर जाण्यास २०२३ साल उजाडावे लागले. २००१ पासून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' या अटीवर परवानगी देण्याचे धोरण आले. त्यातील 'कायम' हा शब्द २००९ साली गळाला, परंतु अनुदान टप्प्याटप्प्याने हाती पडेपर्यंत हजारो शिक्षकांची उमेदीची वर्षे निघून गेली. पूर्ण दिवस शाळेत शिकवून संध्याकाळी शेतात किंवा दुकानात राबणारा शिक्षक ही महाराष्ट्रात अपरिचित आकृती राहिलेली नाही. आझाद मैदानावर वर्षानुवर्षे बसणाऱ्या या शिक्षकांच्या त्यागाला त्याग म्हणणे हाच एक क्रूर विनोद आहे. धर्मभगिनींनी दारिद्र्याचे व्रत स्वतः घेतले होते. आपल्या शिक्षकांवर ते शासन निर्णयाने लादले गेले.

दुसरा प्रश्न लहान शाळांचा. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा चौदा हजारांहून अधिक आहेत, असे २०२३ साली सांगण्यात आले आणि त्यांचे एकत्रीकरण करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला. त्याला शिक्षकांनी आणि पालकांनी जागोजागी विरोध केला. समूह शाळेच्या बाजूने जे सांगितले जाते ते सर्वस्वी टाकाऊ नाही. चार इयत्तांच्या सात मुलांना एकाच खोलीत शिकवणाऱ्या एकट्या शिक्षकाची ओढाताण खरी आहे. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडांगण आणि बरोबरीची मुले मिळतात हेही खरे. तेव्हा प्रत्येक लहान शाळा आहे तेथे, आहे तशी ठेवावी, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मात्र बंद करण्याचा निर्णय ज्या हिशेबावर व्हायचा तो हिशेब पुरा असला पाहिजे. एका मुलामागे येणारा खर्च मांडताना, पाड्यावरील शाळा गेल्यावर ओढा ओलांडून जावे लागेल म्हणून घरी बसणाऱ्या मुलीचा खर्चही त्यात मांडावा लागेल. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, हे शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनी मान्य केले आहे. तो नियम वाहनभत्त्याच्या आश्वासनावर मोडण्यापूर्वी ते वाहन पावसाळ्यात त्या वाटेने जाते की नाही, हे पाहिले पाहिजे. पर्यायी शाळा आधी उभी राहावी आणि जुनी नंतर मिटावी, हा क्रम उलटता कामा नये. ग्रामसभेपुढे कारणे लेखी मांडल्यावाचून कोणत्याही शाळेचे दार बंद होऊ नये. बंद झालीच तर तिची इमारत अभ्यासिका, वाचनालय किंवा बालवाडी म्हणून वस्तीकडेच राहावी. आणि जी शाळा चालू ठेवायची ती पुऱ्या खर्चानिशी चालू ठेवावी. गरिबांची शाळा म्हणून तिला पत्र्याचे छप्पर, उघड्या तारा आणि अर्धपोटी शिक्षक चालतील, ही सवलत शिकागोने १९४९ साली देऊन पाहिली होती.

शिकागोच्या त्या शाळेचा इतिहास दोन टप्प्यांत पाहिला तर एकच गोष्ट दोनदा घडलेली दिसते. पहिल्या टप्प्यात इमारतीवरचा खर्च टाळला गेला आणि त्याची भरपाई मुलांनी केली. दुसऱ्या टप्प्यात शिक्षणावरचा खर्च धर्मभगिनींच्या आयुष्यातून भागवला गेला आणि ती आयुष्ये सरताच शाळा सरली. दोन्ही वेळा समाजाला शाळा हवी होती, पण तिची पुरी किंमत त्याला द्यायची नव्हती. शाळा काढायला त्यागी माणसे लागतात, यात वाद नाही. पण त्यांनी काढलेली शाळा पुढच्या पिढ्यांसाठी चालवणे हे साऱ्या समाजाचे आणि त्याच्या वतीने शासनाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्रात ज्या दिवशी प्रत्येक शिक्षकाला पहिल्या महिन्यापासून पूर्ण वेतन मिळेल आणि प्रत्येक वर्गखोली जळणार नाही, कोसळणार नाही याची खात्री देता येईल, त्या दिवशी कोणती शाळा ठेवावी आणि कोणती मिटवावी, याचा निर्णय करण्याचा अधिकार शासनाला प्राप्त होईल. तोवर पटावरील आकडे दाखवून शाळांना कुलपे लावणे म्हणजे स्वतःची थकबाकी न चुकवता दुसऱ्याचे दुकान बंद करण्यासारखे आहे.